सात अंगठ्यांचा हिशेब : अमेरिकन फुटबॉलची विजेतेपदे आणि बदलते काळ

१/ ७ फेब्रुवारी २०२१. फ्लोरिडातील टॅम्पा शहरात टॅम्पा बे बकनीअर्स संघाने कॅन्सस सिटी चीफ्सचा ३१-९ असा पराभव केला आणि त्रेचाळीस वर्षांच्या टॉम ब्रेडीच्या नावावर सातवे विजेतेपद जमा झाले. सुपर बोलच्या इतिहासात इतकी विजेतेपदे दुसऱ्या कोणाही खेळाडूला मिळालेली नाहीत. मात्र व्यावसायिक फुटबॉलची मुख्य लीग सुपर बोलपेक्षा सेहेचाळीस वर्षांनी जुनी आहे, आणि त्या जुन्या काळात सात विजेतेपदे मिळवणारा आणखी एक क्वार्टरबॅक होऊन गेला : ऑटो ग्रॅहम. दोघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न सरळ दिसतो. पण त्याचा माग काढताना ‘विजेतेपद’ या शब्दाचा अर्थच दर पिढीत बदलत गेल्याचे ध्यानात येते. (धागा)

२/ आधी खेळाची तोंडओळख. मैदानावर प्रत्येकी अकरा खेळाडू. चढाई करणारे, बचाव करणारे आणि किक मारण्याच्या प्रसंगी उतरणारे असे आज तीन निरनिराळे गट असतात. चढाईची सूत्रे क्वार्टरबॅककडे. हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि अंतिम सामना पुढच्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत होतो. म्हणून ‘२००१ चा विजेता’ म्हणजे फेब्रुवारी २००२ मध्ये जिंकलेला संघ. या धाग्यात विजेतेपदांची वर्षे हंगामाचीच समजावीत. विजेत्या संघातील खेळाडूंना अंगठी मिळते. त्यामुळे ‘किती अंगठ्या?’ हाच तिथे थोरवीचा प्रचलित निकष.

३/ १७ सप्टेंबर १९२० रोजी ओहायो राज्यातील कँटन गावी, राल्फ हे यांच्या मोटारविक्रीच्या दालनात काही संघांचे प्रतिनिधी जमले आणि व्यावसायिक फुटबॉलची संघटना स्थापन झाली. १९२२ मध्ये तिने नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, हे नाव घेतले. पहिल्या हंगामात अंतिम सामना नव्हता. अ‍ॅक्रन प्रोज संघ एकही सामना हरला नाही. आठ जिंकले, तीन बरोबरीत सुटले. त्याला विजेता ठरवले ते एप्रिल १९२१ मधील बैठकीत, मतदानाने! इतिहासातील पहिले विजेतेपद मैदानावर नव्हे, तर बैठकीच्या टेबलावर निश्चित झाले.

४/ त्यानंतरची बारा वर्षे विजेता गुणतालिकेवरून ठरे. या पद्धतीतील धोका १९२५ मध्ये उघड झाला. पेनसिल्व्हेनियातील कोळसाखाणींच्या मुलखातल्या पॉट्सव्हिल मरून्स संघाने डिसेंबरात शिकागो कार्डिनल्सला त्यांच्याच शहरात २१-७ असे हरवले. मग मरून्स फिलाडेल्फियात नोत्र दाम विद्यापीठाच्या माजी खेळाडूंशी एक प्रदर्शनीय सामना खेळले. ते क्षेत्र फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स या दुसऱ्या संघाच्या हक्काचे होते. लीगचे अध्यक्ष जो कार यांनी मरून्सना निलंबित केले. विजेतेपद कार्डिनल्सच्या नावे लागले. त्यांच्या तेव्हाच्या मालकाने ते स्वीकारण्यासही नकार दिला होता. पॉट्सव्हिलकर आजही ते आपलेच मानतात. २००३ मध्ये संघमालकांनी हे प्रकरण पुन्हा उघडण्यास नकार दिला.

५/ १९३२ ची कथा तर अंकगणिताची. शिकागो बेअर्सचे सहा विजय, एक पराभव, सहा बरोबऱ्या. पोर्ट्समथ स्पार्टन्सचे सहा विजय, एक पराभव, चार बरोबऱ्या. ग्रीन बे पॅकर्सचे दहा विजय, तीन पराभव, एक बरोबरी. बरोबरीचे सामने तेव्हा हिशेबातच धरत नसत. म्हणून दहा सामने जिंकलेला संघ मागे पडला आणि सहा जिंकलेले दोन संघ अग्रस्थानी आले! आजच्या नियमाप्रमाणे बरोबरीला अर्धा विजय मानले असते तर पॅकर्सच विजेते ठरले असते; तेही सलग चौथ्यांदा, कारण १९२९, १९३० आणि १९३१ ची विजेतेपदे त्यांचीच होती. एका नियमाने एका पिढीच्या खात्यातील एक अंगठी उणी झाली.

६/ बेअर्स आणि स्पार्टन्स यांच्यातील पेच सोडवण्यासाठी १८ डिसेंबर १९३२ रोजी जादा सामना ठरला. कडाक्याच्या थंडीमुळे तो शिकागो स्टेडियमच्या बंदिस्त सभागृहात, अवघ्या ८० यार्डांच्या मैदानावर खेळवला गेला. बेअर्स ९-० ने जिंकले. हा प्रयोग लोकांना इतका रुचला की १९३३ पासून लीगचे दोन गट पाडून गटविजेत्यांमध्ये रीतसर अंतिम सामना सुरू झाला. येथून पुढे ‘विजेता’ म्हणजे वर्षभर सातत्य राखणारा संघ नव्हे, तर ठरलेल्या दिवशी वरचढ ठरणारा संघ. दोन्ही यशेच, पण जात वेगळी.

७/ त्याच सुमारास विजेतेपदाच्या अर्थावर आणखी गडद सावली पडली. १९२० च्या विजेत्या अ‍ॅक्रन संघाचा एक आधारस्तंभ फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. पुढच्याच वर्षी तो संघाचा सहप्रशिक्षकही झाला. परंतु १९३३ च्या हंगामानंतर एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू उरला नाही, आणि १९३४ ते १९४५ ही बारा वर्षे तशीच गेली. १९४० च्या अंतिम सामन्यात बेअर्सनी वॉशिंग्टनला ७३-० असे चिरडले. तो पराक्रम खराच. पण देशातील अनेक उत्तम खेळाडूंना त्या स्पर्धेचे दारच बंद होते, हेही तितकेच खरे.

८/ केनी वॉशिंग्टन हे त्या बंद दाराचे सर्वांत बोलके उदाहरण. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाचा हा तारा १९३९ मध्ये ऐन भरात होता; एनएफएलच्या एकाही संघाने त्याला घेतले नाही. १९४६ मध्ये रॅम्स संघ क्लीव्हलंड सोडून लॉस एंजेलिसला आला. तेथील कोलिझियम हे सार्वजनिक मालकीचे मैदान. जनतेच्या पैशावर उभ्या असलेल्या मैदानात वर्णभेद करणारा संघ कसा खेळतो, असा रोखठोक सवाल हॅली हार्डिंग आणि इतर कृष्णवर्णीय पत्रकारांनी केला. परिणामी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना करार मिळाले. तोवर वॉशिंग्टन अठ्ठावीस वर्षांचा झाला होता आणि गुडघे कुरकुरू लागले होते. तीन हंगाम खेळून तो निवृत्त झाला. अंगठ्यांच्या यादीत त्याचे नाव नाही.

९/ त्याच १९४६ साली एनएफएलला आव्हान देणारी ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स, म्हणजे एएएफसी, ही आठ संघांची नवी लीग अवतरली. तिच्यातील क्लीव्हलंड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी मॅरियन मॉटली आणि बिल विलिस हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू घेतले. डिसेंबरात मायामी येथील सामन्यासाठी त्या दोघांना नेता आले नाही. दक्षिणेकडील वर्णभेदाची तशी दहशत होती. याच संघाचा क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम. हा गडी असा अष्टपैलू की १९४६ मध्येच रॉचेस्टर रॉयल्सकडून त्याने व्यावसायिक बास्केटबॉलचेही विजेतेपद मिळवले होते.

१०/ ब्राउन्सनी १९४६, १९४७, १९४८ आणि १९४९ अशी एएएफसीची चारही विजेतेपदे जिंकली. १९४८ मध्ये तर अंतिम सामन्यासह पंधरापैकी पंधरा. एकच संघ सदैव जिंकणार असेल तर तिकिटे कोण काढणार? लीगची रया जाण्यामागे हेही एक कारण होते. १९४९ नंतर एएएफसी बंद पडली आणि तिचे तीन संघ एनएफएलमध्ये सामील झाले : ब्राउन्स, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स आणि बॉल्टिमोर कोल्ट्स. ‘दुय्यम लीगचे राजे’ आता खऱ्या आखाड्यात उतरणार होते.

११/ १६ सप्टेंबर १९५०. एनएफएलने हंगामाची पहिलीच लढत लावली ती गतविजेत्या फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध, त्यांच्याच शहरात. ब्राउन्सनी ती ३५-१० अशी जिंकली. २४ डिसेंबरला अंतिम सामन्यात रॅम्सविरुद्ध २८ सेकंद शिल्लक असताना लू ग्रोझाने फील्ड गोल मारला आणि ब्राउन्स ३०-२८ ने विजेते झाले. पुढे १९५४ मध्ये लायन्सविरुद्ध ५६-१० आणि १९५५ मध्ये रॅम्सविरुद्ध ३८-१४. ग्रॅहमने येथेच खेळ थांबवला. दहा हंगाम, दहा अंतिम सामने, सात विजेतेपदे. अंतिम सामना त्याने कधी चुकवलाच नाही.

१२/ तरीही ग्रॅहमच्या सातांपैकी चार अंगठ्या अनेक याद्यांतून वगळल्या जातात. एनएफएलच्या विक्रमनोंदीत एएएफसीची आकडेवारी दीर्घकाळ धरलीच जात नव्हती. युक्तिवाद असा की ती लीग लहान होती, प्रतिस्पर्धी कमी होते. यात तथ्य आहेच. पण उलट बाजूही पाहावी. त्या लीगचा विजेता पहिल्याच वर्षी एनएफएलचा विजेता झाला. शिवाय १९४६ ते १९४९ या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी एएएफसीचे दार एनएफएलपेक्षा अधिक उघडे होते. मग खरी ‘मोठी लीग’ कोणती?

१३/ आता ग्रीन बे. १९५६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, बार्ट स्टार हा दोनशेव्या क्रमांकावर निवडला गेला. १९५९ मध्ये प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी आले आणि पॅकर्सनी १९६१, १९६२, १९६५, १९६६ व १९६७ अशी पाच विजेतेपदे मिळवली. ३१ डिसेंबर १९६७ चा, गोठवणाऱ्या थंडीतला, डॅलस काउबॉइजविरुद्धचा २१-१७ असा विजय ‘आइस बोल’ म्हणून अजरामर झाला. १९३३ नंतर सलग तीन हंगाम विजेता राहिलेला एनएफएल संघ हा एकच.

१४/ इथेही मोजणीचा घोळ आहे. १९६० मध्ये अमेरिकन फुटबॉल लीग, म्हणजे एएफएल, सुरू झाली. १९६० ते १९६५ दरवर्षी दोन लीगचे दोन विजेते. परस्परांशी गाठच नाही. १९६६ मध्ये विलीनीकरणाचा करार झाला आणि १५ जानेवारी १९६७ रोजी दोन्ही विजेत्यांचा पहिला सामना रंगला. तोच पहिला सुपर बोल : पॅकर्स ३५, चीफ्स १०. मग स्टारची विजेतेपदे किती? केवळ सुपर बोल मोजले तर दोन. हंगाम मोजले तर पाच. एनएफएलची विजेतेपदे आणि सुपर बोल वेगवेगळे धरले तर सात! आकडे तेच, हिशेबनीस वेगळा.

१५/ क्वार्टरबॅकच्या झगमगाटात एक गोष्ट विसरली जाते. पॅकर्सचेच फॉरेस्ट ग्रेग, हर्ब अ‍ॅडर्ली आणि फझी थर्स्टन यांनी एनएफएलची प्रत्येकी सहा विजेतेपदे मिळवली. ग्रेग आणि अ‍ॅडर्ली यांनी सहावे १९७१ मध्ये काउबॉइजकडून, तर थर्स्टनने पहिले १९५८ मध्ये कोल्ट्सकडून. अ‍ॅडर्ली बचावपटू, ग्रेग आणि थर्स्टन क्वार्टरबॅकपुढे भिंत होऊन उभे राहणारे. त्यांच्या नावाने वाद रंगत नाहीत. थोरवी खरोखरच अंगठ्यांवर मोजायची असती, तर २०२० पर्यंतच्या वादात ही तीन नावे सर्वांत आधी यायला हवी होती.

१६/ १९७० मध्ये विलीनीकरण पूर्ण झाले आणि लीग २६ संघांची झाली. १९७६ मध्ये २८. पिट्सबर्ग स्टीलर्स आणि टेरी ब्रॅडशॉ यांनी १९७४, १९७५, १९७८, १९७९ ही विजेतेपदे घेतली. सॅन फ्रान्सिस्कोच्या जो मॉन्टानाने १९८१, १९८४, १९८८, १९८९ ही. दोघेही चार सुपर बोल खेळले, चारही जिंकले. १९७८ मध्ये चेंडू झेलणाऱ्या खेळाडूला पाच यार्डांपलीकडे अडवण्यावर निर्बंध आले आणि क्वार्टरबॅकचे पारडे जड झाले. ग्रॅहम आणि स्टार यांनी जो खेळ खेळला, तो हा राहिला नव्हता.

१७/ १९९३ मध्ये करार संपलेल्या खेळाडूंना संघ निवडण्याचे व्यापक स्वातंत्र्य मिळाले. १९९४ मध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली. लोम्बार्डींच्या काळी चांगला संघ एकदा जमवला की खेळाडूला सहजासहजी दुसरीकडे जाता येत नसे. आता विजेत्या संघातील खेळाडूंची किंमत वाढते, मर्यादेत ते बसत नाहीत आणि संघ विस्कटतो. म्हणजे जुन्या पिढीच्या यशामागे खेळाडूंच्या बांधलेल्या हातांचाही वाटा होता.

१८/ अशा काळात, २००० च्या ड्राफ्टमध्ये, १९९ व्या क्रमांकावर टॉम ब्रेडी निवडला गेला. स्टारच्या एकच जागा आधी. न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून २००१, २००३, २००४, २०१४, २०१६, २०१८ आणि टॅम्पाकडून २०२० अशी सात विजेतेपदे. दहा सुपर बोल खेळला, तीन हरला. या सात वेळी त्याच्या संघांना बाद फेरीचे एकूण २२ सामने जिंकावे लागले. ग्रॅहमच्या ब्राउन्सना आपल्या सात विजेतेपदांसाठी नियमित हंगामानंतरचे ९. पण ब्रेडीला तेवीस हंगाम मिळाले. क्वार्टरबॅकला जपणारे नियम आणि आधुनिक वैद्यक हे त्याचे सोबती. ग्रॅहम १९५३ मध्ये तोंडावर टाके घालून, चेहऱ्यापुढे पारदर्शक प्लास्टिक लावून पुन्हा मैदानात उतरला होता.

१९/ एक साधा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. दरवर्षी चिठ्ठी टाकून विजेता ठरवला असता, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती विजेतेपदे आली असती? बारा संघांच्या लीगमध्ये वर्षाला एक-बारांश, बत्तीस संघांत एक-बत्तीसांश, अशी बेरीज केली की :
• ग्रॅहम : अपेक्षित सुमारे १, प्रत्यक्षात ७. सात पट.
• स्टार : अपेक्षित सुमारे १.१, प्रत्यक्षात ५. साडेचार पट.
• मॉन्टाना : अपेक्षित सुमारे ०.५७, प्रत्यक्षात ४. सात पट.
• ब्रेडी : अपेक्षित सुमारे ०.७२, प्रत्यक्षात ७. जवळजवळ दहा पट.
मॉन्टानाच्या चार अंगठ्या ग्रॅहमच्या सातांच्या तोडीच्या ठरतात, हे या गणिताचे खरे देणे.

२०/ अर्थात चिठ्ठीचे गणित अपुरे आहे. ते सर्व संघ समान बळाचे मानते. मैदानाबाहेर ठेवलेली माणसे ते मोजत नाही. वॉशिंग्टन संघाने पहिले कृष्णवर्णीय खेळाडू घेतले ते थेट १९६२ मध्ये. म्हणजे ग्रॅहमची संपूर्ण कारकीर्द आणि स्टारची पहिली वर्षे अर्धवट उघडलेल्या स्पर्धेत गेली. हा दोष त्या खेळाडूंचा नव्हे. पण तुलना करताना तो विसरणे म्हणजे केनी वॉशिंग्टनला दुसऱ्यांदा वगळणे होय.

२१/ शिवाय अंगठी ही कधीच एकट्याची नसते. ग्रॅहमचे एनएफएलमधील पहिले विजेतेपद ग्रोझाच्या पायाने निश्चित केले. ब्रेडीचेही तसेच : ३ फेब्रुवारी २००२ रोजी अ‍ॅडम विनातिएरीच्या ४८ यार्डांच्या शेवटच्या किकने पेट्रियट्स २०-१७ ने जिंकले. याउलट जानेवारी १९९१ मध्ये बफेलोच्या स्कॉट नॉर्वुडची ४७ यार्डांची किक बाजूने गेली, बिल्स १९-२० ने हरले, आणि क्वार्टरबॅक जिम केली सलग चार सुपर बोल गमावून रिकाम्या हाती राहिला. डॅन मरिनो सतरा हंगाम खेळला, अंगठी नाही. डिक बटकस आणि गेल सेयर्स यांना तर बाद फेरीचा एकही सामना लाभला नाही. या तिघांना कोणी सामान्य म्हणू धजत नाही.

२२/ तर निवाडा काय? सातत्य हा निकष मानला तर ग्रॅहमला तोड नाही. दर हंगामी अंतिम सामना गाठण्याची किमया पुन्हा कोणाला साधलेली नाही. स्पर्धेची व्याप्ती, संघ टिकवण्यातील अडचण आणि दीर्घायुष्य हे निकष मानले तर ब्रेडीचे पारडे जड. सलग यशाचा निकष लावला तर स्टारचे पॅकर्स. तीन विजेतेपदे मिळवलेल्या पॅट्रिक महोम्सच्या चीफ्सनाही २०२४ च्या हंगामात ईगल्सनी ४०-२२ असे रोखले आणि सलग तिसरे विजेतेपद हुकले.

२३/ म्हणून दोन काळांतील विजेतेपदे शेजारी मांडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. संघ किती होते? विजेता कोणत्या रीतीने ठरत होता? आणि खेळण्याची मुभा कोणाकोणाला नव्हती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर सापडते ते १९३४ ते १९४५ च्या संघयाद्यांमध्ये कधीच न छापलेल्या नावांत. (समाप्त)